विजेची शिदोरी : नांदेड ते लातूर

प्रवासाला निघताना शिदोरी बांधण्याची रीत आपल्या घरांत फार जुनी आहे. वाटेत शुद्ध आहार मिळेल याची खात्री नसते, आणि जेवण तर सूर्यास्तापूर्वी आटोपायचे असते. म्हणून खाकरे, दशम्या, कोरडी चटणी आणि गाळलेले पाणी हा सरंजाम घरूनच निघतो. माणसे किती, जेवणे किती, वाट किती लांब आणि ऊन कसे, याचा सगळा हिशेब शिदोरी बांधणाऱ्या गृहिणीच्या मनात तयार असतो. तिची शिदोरी कमी पडत नाही आणि वायाही जात नाही.

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या पिशवीत या शिदोरीशेजारी दुसरी एक शिदोरी येऊन बसली आहे. ती म्हणजे पॉवर बँक. मोबाईलपुरती ती आता लहान मुलांच्याही परिचयाची झाली आहे. परंतु दुकानाचे हिशेब ज्यावर चालतात तो लॅपटॉपही तिच्यावर चालू शकतो, हे अनेकांना अलीकडेच कळले. कळल्यावर ती विकतही घेतली जाते. मात्र अन्नाच्या शिदोरीचा जो हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, तो या विजेच्या शिदोरीच्या बाबतीत बहुधा कुणी मांडत नाही. नांदेड ते लातूर ही मराठवाड्यातील व्यापाराची रोजची वाट. त्या वाटेने जाता जाता हा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मोंढ्यातून निघताना

नांदेड हे गोदावरीकाठचे प्राचीन नगर. श्री गुरु गोबिंदसिंगजींचे 1708 मध्ये येथेच महानिर्वाण झाले आणि त्यांच्या सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून यात्रेकरू येथे येतात. व्यापारी माणसाला मात्र नांदेडची ओळख प्रथम होते ती नव्या मोंढ्यात. हळद, सोयाबीन, हरभरा आणि कापूस यांच्या हंगामात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. हमाल, मापाडी, अडते आणि खरेदीदार यांच्या गलबल्यात सौदे ठरतात. ओसवाल असोत, खंडेलवाल असोत वा सैतवाल, आपल्या कितीतरी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या मोंढ्याच्या धुळीत वाढल्या आहेत.

त्या पिढ्यांचे मुनीम लाल कापडात बांधलेली वही काखोटीला मारून गावोगाव फिरत. वहीला विजेची गरज नसे. दिवा नसला तरी उन्हात बसून रोजमेळ लिहिता येई. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पुढच्या वर्षी ई-वे बिल आले, तेव्हापासून मात्र चित्र पालटले. राज्यांतर्गत 1 लाख रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल निघायचा असेल तर त्याचे ई-वे बिल आधी तयार हवे. साध्या मालगाडीला 200 किलोमीटरपर्यंत एका दिवसाची मुदत मिळते. वाटेत गाडी बिघडली, पावसाने रस्ता अडला, तर मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्याच अवधीत ती वाढवून घेता येते. हा अवधी चुकला आणि तपासणी नाक्यावर गाडी अडकली, तर दंडाचा प्रश्न उभा राहतो. शिवाय माल अडकतो, चालक उपाशी राहतो आणि पुढचा खरेदीदार खोळंबतो.

ही कामे मोबाईलवर होत नाहीत असे नाही. परंतु हिशेबाची संपूर्ण प्रणाली, जुनी बिले, पक्षकारांचे खाते आणि साठ्याची नोंद ही बहुतेकांच्या लॅपटॉपवरच असते. म्हणून मालाच्या मागोमाग जाणारा घरातला तरुण आज वहीऐवजी लॅपटॉप घेऊन निघतो. दिवाळीच्या वहीपूजनात वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लागते, यात नवल राहिलेले नाही. वही आणि लॅपटॉप यांत फरक एवढाच, की दुसरा उपाशी राहिला की मुका होतो.

कंधारच्या वाटेवर : आधी माप

नांदेड सोडून गोदावरी ओलांडली की विष्णुपुरीचा जलाशय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. हे विद्यापीठ 1994 मध्ये 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशीच स्थापन झाले. पुढे सोनखेड आणि मग लोहा. लोह्याहून एक फाटा कंधारकडे जातो. वेळ असेल तर जैन वाचकाने या फाट्याने जरूर वळावे. कंधार हे राष्ट्रकूटांचे नगर. खंदकाने वेढलेला किल्ला आणि जगत्तुंगसागर हे त्यांच्या काळाचे स्मरण देणारे जलाशयाचे नाव आजही तेथे नांदते आहे.

राष्ट्रकूट सम्राट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. याच घराण्यातील सम्राट अमोघवर्ष याने इसवी सन 814 ते 878 असे दीर्घ राज्य केले. आचार्य जिनसेन हे त्याचे गुरू. त्याच्याच काळात, इसवी सन 850 च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला आणि त्यात अमोघवर्षाचा गौरव केला. या ग्रंथाची मांडणी व्यापारी माणसाने ध्यानात घेण्यासारखी आहे. बेरीज-वजाबाकीकडे वळण्यापूर्वी महावीराचार्य मापांची परिभाषा सांगतात. क्षेत्राचे माप कोणते, काळाचे कोणते, धान्याचे कोणते, सोन्याचे आणि रुप्याचे कोणते, हे आधी ठरते आणि मग गणित सुरू होते. माप ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, हा त्यातला बोध.

पॉवर बँकेच्या बाबतीत नेमका हाच बोध आपण विसरतो. दुकानदार सांगतो, ‘वीस हजारांची आहे.’ आपण विचारत नाही, वीस हजार काय? ते मिलिअँपिअर-तास असतात. हा आकडा म्हणजे पोत्यांची संख्या होय. गोदामात दोनशे पोती आहेत एवढे ऐकून कोणता अडत्या सौदा करील? पोते पन्नास किलोचे की साठचे, हे कळल्याखेरीज क्विंटल निघत नाहीत. विजेच्या बाबतीत पोत्याचे वजन म्हणजे व्होल्ट आणि क्विंटल म्हणजे वॉट-तास. लिथियम घटाचा सर्वसाधारण दाब 3.7 व्होल्ट असतो. म्हणून 20,000 मिलिअँपिअर-तासांना 3.7 ने गुणून हजाराने भागले की 74 वॉट-तास येतात. 10,000 ची असेल तर 37 वॉट-तास.

लॅपटॉपच्या बॅटरीचेही माप असेच वॉट-तासांत असते. ते यंत्राच्या तळाशी किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. साध्या कार्यालयीन लॅपटॉपची बॅटरी बहुधा 40 ते 60 वॉट-तासांची भरते. तेव्हा 37 वॉट-तासांची लहान पॉवर बँक तिला पूर्ण भरू शकणार नाही, हे गणित विकत घेण्यापूर्वीच कळते. मोबाईलचे दोन-तीन फेरे करणारी वस्तू लॅपटॉपपुढे हात टेकते, त्यात तिचा दोष नाही. माप न विचारणाऱ्या ग्राहकाचा आहे.

अहमदपूर, चाकूर : दरवाजा किती रुंद

लोह्यानंतर माळाकोळी आणि मग अहमदपूर. पुढे शिरूर ताजबंद, चाकूर आणि लातूर. नागपूरजवळच्या बुटीबोरीपासून तुळजापूरपर्यंत जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच गावांवरून जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तुरीची शेते, अधूनमधून बालाघाटाच्या माळांचे उंचवटे, आणि धाब्यांवर विसावलेले ट्रक. एकूण अंतर सुमारे 140 किलोमीटर आणि वेळ साधारण तीन तासांचा. पण मालगाडीच्या मागे जाणाऱ्याला दिवस केव्हा जाईल, सांगता येत नाही. या टप्प्यात पॉवर बँकेचा दुसरा प्रश्न येतो. साठा भरपूर असला तरी तो बाहेर येण्याचा दरवाजा किती रुंद आहे?

हा दरवाजा वॉटमध्ये मोजतात. मोबाईलसाठी बनवलेल्या बहुतेक पॉवर बँकांचा दरवाजा 18 किंवा 22.5 वॉटचा असतो. लॅपटॉपला मात्र साधारण 45 किंवा 65 वॉट लागतात. अरुंद दरवाजाची पॉवर बँक जोडली तर काही लॅपटॉप ती स्वीकारतच नाहीत. काही स्वीकारतात, पण काम चालू असताना बॅटरी वाढण्याऐवजी हळूहळू उतरतच राहते. म्हणून वेष्टनावर ‘पॉवर डिलिव्हरी’ हा शब्द आणि त्यापुढे किमान 45, शक्यतो 65 वॉट हा आकडा पाहावा. पॉवर डिलिव्हरी ही टाइप-सी जोडणीतली एक बोलणी आहे, असे म्हटले तरी चालेल. लॅपटॉप आपली गरज सांगतो, पॉवर बँक आपली ऐपत सांगते, आणि दोघांना मान्य होईल त्या दाबावर सौदा ठरतो.

या सौद्यात तिसरा भागीदार असतो तो म्हणजे केबल. 60 वॉटपर्यंत चांगली साधी टाइप-सी केबल पुरते. त्याहून अधिक शक्तीसाठी 5 अँपिअरची, आपली क्षमता स्वतः सांगणारी खास केबल लागते. धाब्यावरच्या टपरीतून घेतलेली स्वस्त केबल महागड्या पॉवर बँकेलाही पंगू करते. चौथी गोष्ट लॅपटॉपच्या खाचेची. टाइप-सी खाच दिसली म्हणजे तिच्यातून वीज घेता येतेच असे नाही. काही यंत्रांत ती केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. माहितीपुस्तिका पाहून याची खात्री करून घ्यावी.

जुन्या, गोल पिनेच्या लॅपटॉपचे काय? त्यांच्यासाठी घरातल्यासारखा सॉकेट असलेल्या मोठ्या पॉवर बँका मिळतात. तेथे घटातली एकदिश वीज आधी घरगुती प्रकारच्या प्रत्यावर्ती विजेत बदलते आणि लॅपटॉपचा चार्जर तिला पुन्हा एकदिश करतो. दोनदा बदल म्हणजे दोनदा दलाली. माल तोच, पण पदरात कमी पडते. अडचणीच्या वेळी हा मार्ग चालतो. रोजच्या फिरतीसाठी तो महागच.

याच माळरानावर उन्हाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि बंद उभ्या मोटारीच्या आतली हवा त्याहून कितीतरी तापते. लिथियमच्या घटाला उष्णता सोसत नाही. बहुतेक पॉवर बँकांवर चार्जिंगसाठी 45 अंशांची कमाल मर्यादा छापलेली असते. ती काचेपुढे उन्हात ठेवून जेवायला जाऊ नये. पिशवीत घालून सोबत न्यावी. कपड्यांच्या गठ्ठ्यात किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नये. फुगलेली, वास येणारी किंवा पडून चेपलेली पॉवर बँक वापरातून तत्काळ काढावी. घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. पॉवर बँकेसाठी ही नोंदणी आपल्या देशात सक्तीची आहे.

लातूर : उतारा आणि साठवण

लातूरला पोहोचल्यावर पाय आपोआप गंजगोलाईकडे वळतात. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजारपेठ आणि तेथून चहूकडे फुटणारे 16 रस्ते. सराफ, कापड, भांडी, किराणा, प्रत्येकाची गल्ली ठरलेली. पलीकडे बाजार समितीत तुरीचे आणि सोयाबीनचे सौदे होतात. त्यांचे भाव उभ्या महाराष्ट्रात विचारले जातात. लातूरच्या डाळमिलांनी या शहराला जे नाव दिले आहे ते ‘लातूर पॅटर्न’च्या शिक्षणाइतकेच मोठे आहे, आणि त्या पॅटर्नच्या ओढीने आपल्या समाजातलीही कितीतरी मुले येथे खोली घेऊन शिकत आहेत.

डाळमिल चालवणाऱ्याला उतारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो तुरीतून शंभर किलो डाळ निघत नाही. साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो निघते, बाकी चुनी आणि टरफलात जाते. पॉवर बँकेलाही असा उतारा आहे. घटातला 3.7 व्होल्टचा दाब लॅपटॉपला हव्या असलेल्या 20 व्होल्टपर्यंत चढवताना काही वीज उष्णतेत जाते. म्हणूनच ती वापरताना कोमट लागते. साधारण 80 ते 85 टक्के उतारा धरावा. 74 वॉट-तासांतून सुमारे 60 वॉट-तास हाती येतात. चांगले उत्पादक हे लपवत नाहीत. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी 12,000 मिलिअँपिअर-तास, 5 व्होल्ट’ अशासारखा मजकूर असतो. 12,000 ला 5 ने गुणून हजाराने भागले की तेच 60 येतात. ठळक आकडा तुरीचा आणि बारीक आकडा डाळीचा, हे एकदा कळले की दोन्हींत विसंगती वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बिले करणे, विवरणपत्र भरणे, पत्रव्यवहार असे हलके काम करताना लॅपटॉप ताशी साधारण 10 ते 15 वॉट-तास खातो. 60 वॉट-तासांत चार ते सहा तासांचे काम होते. पडद्याचा उजेड कमी ठेवला आणि अनावश्यक खिडक्या मिटल्या तर थोडे अधिकच. याचा अर्थ, लॅपटॉप घरून पूर्ण भरून निघाला आणि सोबत 20,000 ची योग्य पॉवर बँक असली, तर नांदेड-लातूर-नांदेड अशा दिवसभराच्या फेरीत कुठल्याही सॉकेटपुढे हात पसरावा लागत नाही. मात्र रिकामी झालेली ही पॉवर बँक साध्या चार्जरवर पुन्हा भरायला पाच-सहा तास लागतात. म्हणून ती रात्री झोपेत असताना नव्हे, तर संध्याकाळी डोळ्यांसमोर भरून घ्यावी.

साठवणीची किंमत लातूरकरांना कुणी शिकवावी, अशी स्थिती नाही. जुन्या काळी या भागात ज्वारी पेवात ठेवत. जमिनीच्या पोटातले ते धान्य दुष्काळात गाव जगवीत असे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. 12 एप्रिल रोजी पहिली पाणीगाडी शहरात आली, तेव्हा पाण्याचे टँकरच नव्हे, तर माणसांच्या मनातली मोजमापेही बदलली. विजेचाही पाण्याशी संबंध आहे. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी 2013 आणि 2015 मध्ये बंद ठेवावे लागले. वीस वर्षांपूर्वीच्या भारनियमनात खेड्यांत दिवसातले कितीतरी तास वीज नसे. त्या काळोखात मेणबत्तीवर रोजमेळ लिहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली असली तरी वळिवाच्या पहिल्या वादळात वाहिन्या तुटतातच. अशा तासा-दोन तासांसाठी ही शिदोरी दुकानातही उपयोगी पडते.

रात्रीची गाडी आणि एक विसरू नये अशी पहाट

लातूरहून मुंबईला जाणारी गाडी रात्री निघते. नांदेड-पनवेल गाडीही रात्रीचाच प्रवास करते. डब्यात सॉकेट असतात, मग पॉवर बँक कशाला, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर एका दुःखद पहाटेत आहे.

28 डिसेंबर 2013 रोजी बेंगळुरूहून नांदेडला येणाऱ्या एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्याला आंध्र प्रदेशातील कोथाचेरुवू स्थानकाजवळ पहाटेच्या झोपेत आग लागली. 26 प्रवाशांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत डब्यांतील चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवावेत, अशी शिफारस केली. पुढे 2021 मध्ये रेल्वेने या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. रात्री अकरानंतर सॉकेट मेला म्हणून आपण कुरकुर करतो, तेव्हा त्या शिफारशीमागे आपल्याच नांदेडकडे निघालेली माणसे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून रात्रीच्या गाडीत काम करायचे असेल तर ते अकराच्या आत आटोपावे. पॉवर बँकेचा आधार घेतला तरी ती उघड्यावर, नजरेसमोर ठेवून घ्यावा. तिला जोडलेला लॅपटॉप पांघरुणात ठेवून झोपणे म्हणजे ज्या धोक्यापासून रेल्वेने सॉकेट बंद केले तोच धोका आपल्या उशाशी घेणे होय.

विमानाचेही असेच आहे. नांदेडलाही विमानतळ असल्याने हा नियम आता आपल्या दारचा झाला आहे. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकता येत नाही. ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. 100 वॉट-तासांपर्यंतची परवानगीवाचून चालते. 100 ते 160 च्या दरम्यानची असेल तर विमान कंपनीची अनुमती लागते. त्यापुढची नेताच येत नाही. 27,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक 99.9 वॉट-तासांवर, म्हणजे रेषेच्या जेमतेम आत बसते, तर 30,000 ची 111 होऊन बाहेर पडते. मोठी घेतली की बरी, हा आपला नेहमीचा हिशेब येथे उलटतो. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर उड्डाणापूर्वीच एक विमान जळाले. सर्व प्रवासी बचावले, परंतु तपासात संशयाची सुई पॉवर बँकेवर आली. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरण्यासच मनाई केली आहे.

परिमाण

आपल्या पाचव्या अणुव्रताचे नाव परिग्रह-परिमाण असे आहे. गृहस्थाला सर्वसंगपरित्याग सांगितलेला नाही. त्याला आपल्या साठ्याची सीमा ठरवायला सांगितली आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा मोठा व्यापारी. भगवान महावीरांजवळ त्याने व्रते घेतली तेव्हा धन, शेती आणि गोधन यांबरोबर गाड्यांचेही परिमाण केले. दूरच्या प्रवासासाठी 500 गाड्या आणि माल वाहण्यासाठी 500, याहून अधिक नाही. आकडा मोठा दिसतो, पण महत्त्व आकड्याला नाही. तो ठरला, उच्चारला गेला आणि पाळला गेला, याला आहे.

पॉवर बँकेसारख्या क्षुल्लक वस्तूला व्रताचा विचार कशाला लावायचा, असे वाटू शकेल. परंतु आज घराघरांत काय दिसते? मोबाईलबरोबर आलेल्या, भेट मिळालेल्या, सवलतीत घेतलेल्या चार-चार पॉवर बँका कपाटात पडून असतात. त्यांतल्या दोन फुगलेल्या, एकीची केबल हरवलेली. लॅपटॉपला चालेल अशी एकही नाही. विचार करून घेतलेली एक वस्तू जे काम करील ते या चार मिळून करीत नाहीत. शिवाय पडून राहिलेला लिथियमचा घट निरुपद्रवी नसतो. तो कचऱ्यात टाकला आणि दाबला गेला की पेट घेऊ शकतो. त्या आगीत कचरा वेचणारा माणूसही सापडतो आणि असंख्य सूक्ष्म जीवही. अशा बॅटऱ्या वेगळ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी देण्याचे बंधन 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर घातले आहे. आपल्याकडून त्या अधिकृत संकलन केंद्रात पोहोचवणे, हा अनर्थदंड टाळण्याचा अगदी साधा मार्ग आहे.

विद्युत सचित्त की अचित्त, याविषयी आपल्या संप्रदायांत भिन्न विवेचने आहेत. त्याचा निर्णय गुरुभगवंतांकडे. व्यवहाराची मर्यादा मात्र सर्वांना समजते. स्थानकात किंवा उपाश्रयात दर्शनाला जाताना मोबाईल, लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेरच ठेवावी. याच महामार्गावरून विहार करणारे साधू-साध्वी आपली मोजकी उपकरणे स्वतःच्या अंगावर वाहत, अनवाणी एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. त्यांच्या झोळीत विजेचा कण नसतो. आपण त्यांच्यासारखे होऊ शकत नाही, पण आपल्या पिशवीत काय आणि किती असावे, हा प्रश्न त्यांच्या दर्शनाने मनात उभा राहिला तर ते दर्शन सार्थकी लागले.

आणि परिमाण वस्तूंचेच असते असे नाही, वेळेचेही असते. वीज संपली की काम थांबे, तेव्हा माणसाला सक्तीने का होईना विसावा मिळे. आता साठा सोबत असल्याने काम कुठेही, केव्हाही चालू राहते. गाडीत, धर्मशाळेत, लग्नघरात, सासुरवाडीच्या ओसरीवर. पॉवर बँक किती तास चालेल, हे गणिताने सांगता येते. आपण किती तास चालावे, हे गणित सांगत नाही, ते आपल्याला ठरवावे लागते. त्यासाठी आपल्याकडे एक सिद्ध माप आहे. सामायिकाचा काळ 48 मिनिटांचा. दिवसातून एकदा तरी ही 48 मिनिटे सर्व यंत्रे मिटून बसण्याचा नियम घरातल्या तरुणाने केला, तर सोबतची शिदोरी त्याच्या उपयोगाची राहील, त्याचा मालक होणार नाही.

प्रवासाला निघण्यापूर्वी म्हणून चार प्रश्न स्वतःला विचारावेत. लॅपटॉपची बॅटरी किती वॉट-तासांची आहे? पॉवर बँकेचा खरा उतारा किती? तिचा दरवाजा आणि केबल किती वॉटची? आणि आजच्या वाटेवर खरोखर किती तासांचे काम आहे? उत्तरे कागदाच्या एका चिठोऱ्यावर मावतात. ती एकदा लिहून पॉवर बँकेच्या पिशवीत ठेवली, की दशम्या आणि चटणी बांधणाऱ्या हातांना विजेची शिदोरीही तितक्याच नेमकेपणाने बांधता येईल. जय जिनेंद्र.